राणीचा डोळा कुठल्या बाजूला

२९ नोव्हें. ९६, शुक्र.
पट्टी: २० मि. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले: ४ तास.
खोटं आहे. सु.ने (बायकोने) जाताना बजावलं होतं, रोजचे तास कॅलेंडरवर लिहायचे, मी शनिवारी येऊन बघणार. ती पाटणच्या पलीकडे उपकेंद्रात नर्स, आठवड्यातून दीड दिवस घरी. मी कुपवाडला पत्र्याच्या कामावर. म्हणजे आमच्या मितूच्या डोळ्याची जबाबदारी माझी. आणि मी बापड्या कॅलेंडरला फसवतोय. म्हणून ही वही काढली. हिच्यात खरं लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही.
मिरजेच्या डॉक्टरांचं बोलणं तोंडपाठ झालंय. मितूचा डावा डोळा आळशी पडलाय. उजवा चांगला, सगळं काम तोच करतो, डाव्याला कामच नाही. चष्मा लावून उजवा रोज चार तास झाकून ठेवा, म्हणजे डावा कामाला लागेल. आत्ता सात वर्षांची आहे, आत्ताच जमेल. अंगात मुरलं की मग अवघड.
पट्टी लावली की वीस मिनिटांत फाडून फेकते. वर रडते. मी ओरडतो. मग अक्का (माझी थोरली बहीण, मितूला तीच सांभाळते) माझ्यावर ओरडते.

१ डिसें., रवि.
सु. काल रात्रीच्या एस.टी.ने आली. चप्पल काढायच्या आधी कॅलेंडर बघितलं. सगळीकडे चार, चार, चार. "शाबास हो," म्हणाली. मला! जेवताना मी ताटातून मान वर केली नाही. अक्का माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक आहे, पण भावाला तोंडघशी पाडत नाही.
दुपारी सु. परत गेली. मितूने पट्टी खिडकीतून टाकली.

३ डिसें., मंगळ.
आज कळलं का रडते ते. वर्गात तिला 'काणी' म्हणतात. एकीने पट्टी ओढून काढली आणि फळ्याला चिकटवली. शाळेत जाऊन त्या पोरीच्या बापाला गाठावं असं वाटलं. अक्का म्हणाली, "आरं, त्याला गाटून हिचा डोळा बरा व्हनार हाय का?"
मग तिनेच चूल पेटवता पेटवता मितूला गोष्ट सांगितली. कोयनेच्या धरणाखाली एक राणी राहते. राक्षसांची राणी. डोक्यावर शिंग, अंगावर खवले. "तिला येकच डोळा. पन त्यानं बगितलं की सात गावं दिसत्यात. समदे राक्षस तिला चळाचळा कापत्यात."
मितू: कुठला डोळा?
अक्का: कुठला म्हंजे? डावा धर की.
शाळेचं गॅदरिंग ९ जानेवारीला आहे. विविध वेशभूषा. मितूने परी व्हायचं ठरवलं होतं. आज म्हणाली, मी परी नाही, राणी होणार. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिरस्त्राण करायचं. डाव्या डोळ्यापुढे भोक, उजवा पूर्ण बंद. रोज चार तास 'तालीम'. पट्टीचं नावच काढायचं नाही!
असा बाप शोधून सापडणार नाही. (हे मीच म्हणतोय.)

६ डिसें., शुक्र.
सकाळी विहारात जाऊन आलो, मितू पांढऱ्या फ्रॉकमध्ये. मग कामावर.
जेवणाच्या सुट्टीत चोवीस गेजच्या पत्र्याच्या तुकड्यातून शिरस्त्राण केलं. कडा दुमडल्या, शिंग वेगळं करून डाग देऊन जोडलं. काय फिनिशिंग! मालक बघून गेला, काही बोलला नाही म्हणजे आवडलं.
घरी आणून मितूच्या डोक्यावर ठेवलं. तिची मान हळूहळू एका बाजूला गेली आणि पाठोपाठ मितूही. काट्यावर टाकलं तर सव्वादोन किलो.
अक्का: "पोरगी हाय का पान्याची टाकी? मान मोडशील तिची."
मी तरी काय करणार, पत्र्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.
पट्टी: नाही.

८ डिसें., रवि.
सु. आली नाही, लसीकरण आहे.
अक्काने सूत्रं हातात घेतली. रद्दी दोन दिवस भिजत घातली होती, त्यात मेथ्या, आणि पाट्यावर सगळं वाटून लगदा केला. गावाकडे टोपल्या-सुपांना लिंपतात तोच. एकदा वाळला की उंदीर कुरतडत नाही आणि पाऊसही मानत नाही. मोठं पातेलं पालथं घातलं, त्याला तेलाचा हात, वर लगद्याचा थर. मितू कोपरापर्यंत लगद्यात. घरभर मेथीचा वास.
संपत तासगावहून स्कूटरवर आला. आमच्याच शॉपमध्ये आहे, भावाची द्राक्षबाग. बेदाण्याच्या शेडची जुनी हिरवी जाळी आणि खोकी आणली. जाळीचा झगा, खोक्याच्या पुठ्ठ्याचे खवले. त्याच्या हातात सामान बघून मला गहिवरून आलं, कारण गुरुवारीच मी त्याला चारचौघांत झाडला होता. मशीनच्या कव्हरची जोडी करायची, एक डावं एक उजवं, आणि ह्या शहाण्याने दोन्ही डावी केली. म्हटलं, वीस वर्षं पत्रा कापतोस आणि डावं-उजवं कळत नाही? तो मुकाट ऐकून घेत होता.
आज त्याने त्या कव्हरचं नावही काढलं नाही. मीही काढलं नाही.

११ डिसें., बुध.
लगदा वाळला. पातेल्यावरून सुटताना टण्ण आवाज आला, अक्काने दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. वजन पाव किलो सुद्धा नाही.
डोळ्याचं भोक मी कापलं. काम पद्धतशीर. मितूला समोर बसवून चेहऱ्यापुढे पेपरचा कागद धरला, डाव्या डोळ्यावर फुली मारली. तो कागद शिरस्त्राणाच्या आत चिकटवला, आतूनच रेघ आखून कापलं. बाहेरच्या अंगाला एक ओरखडा नाही. पत्र्यालाही आम्ही आतूनच आखतो, दर्शनी बाजू साफ राहते. नंतर समोर ठेवून तपासलं. भोक डाव्या बाजूला. बरोबर.
मितूने चष्म्यावर चढवलं. आरशात बघितलं. अक्काकडे वळून डरकाळी फोडली. अक्का खोटी घाबरली.
दोन तास काढलं नाही. दोन तास! मी घड्याळ बघत होतो.

१३ डिसें., शुक्र.
शिरस्त्राण: ४ तास. कॅलेंडरवर ४, वहीतही ४. पहिल्यांदाच दोन्हीकडे एक आकडा आला.
घालून जेवली, घालून गृहपाठ केला, गल्लीतल्या पोरांवर राज्य केलं. एका पोराला शिक्षा म्हणून कोयनेत बुडवला (गटारीच्या कडेला उभा केला).

१५ डिसें., रवि.
सु. आली होती. शिंगाला हात लावून बघितला, झगा बघितला, खवल्यांवर मी मारलेला सिल्व्हर पेंट बघितला. मितूने डरकाळी फोडल्यावर ही नर्सबाई खरीच दचकली. मग स्वतः हनुवटीखालची नाडी आवळून बांधली आणि म्हणाली, "डोकं चालवलंत हो." लग्नाला दहा वर्षं झाली, हे वाक्य पहिलंच.

१७ डिसें., मंगळ.
घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं.
संपतला सोडायला एस.टी. स्टँडवर गेलो, त्याची स्कूटर बंद पडलीय. मितू राणीच्या वेशात बरोबर, लोक वळून बघत होते. पलीकडच्या फलाटावर गाडी लागली आणि ही मोठ्याने म्हणाली, "तासगाव!" मी म्हटलं, कुणी सांगितलं? म्हणाली, पाटी वाचली. मग पुढची: "विटा." मग "आटपाडी." मला स्वतःला आटपाडी नीट दिसत नव्हती.
सहा दिवसांत! डॉक्टर महिने म्हणाले होते.
घरी येऊन अक्काला सांगितलं तर तिने पदर डोळ्याला लावला. सु.ला आंतर्देशीय लिहिलं, दोन्ही बाजू भरल्या. लगेच पेटीत टाकलं.
किती हलकं वाटतंय ते लिहिता येत नाही.

१९ डिसें., गुरु.
पत्र परत मागवता आलं असतं तर…
संपत संध्याकाळी आला. राणीसाहेब दारातच काठी घेऊन उभ्या. त्याने मुजरा केला, खाली बसला, तिच्या तोंडाकडे बघत राहिला. बराच वेळ. मग मला म्हणाला, "आनंदा, दुबळा डोळा कुठला रं तिचा?"
"डावा."
"मग तू डावाच झाकलायस की गड्या."
मी म्हटलं, बावळटा, नीट बघ, भोक डावीकडे आहे. तो उठला, मितूच्या मागे जाऊन उभा राहिला, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि डावा खांदा थोपटला. "हिचा डावा ह्यो. भोक तितं न्हाई. तू तुज्या डाव्या बाजूचं बगतोयस."
मी भोकातून बोट घातलं. मितूचा उजवा डोळा मिचकला. चांगला डोळा.
कागदावरची फुली मी तिच्या समोरून मारली आणि कागद आतून चिकटवला. आतून चिकटवला की उलटणारच. पत्र्याच्या कामात पहिल्या महिन्यात शिकवतात हे. संपत एवढंच म्हणाला, "हँड चुकला." (डाव्याचं उजवं झालं की शॉपमध्ये हेच म्हणतात.) हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
आठ दिवस. जो डोळा जागा करायचा, तोच मी स्वतःच्या हाताने बंद करून ठेवला. वर खवले लावले, पेंट मारला.
मितूला विचारलं, तुला ठाऊक होतं?
"हो."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तुम्ही विचारलंच नाही. आणि मला ह्यातनं छान दिसत होतं ना."
आटपाडी. अर्थातच दिसली.
मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. खूप वेळ धुतलं.

२० डिसें., शुक्र.
अर्धी रजा टाकून मिरजेला. मितूला घेतलं, शिरस्त्राण पिशवीत. डॉक्टरांपुढे पिशवी उघडली आणि सगळं सांगितलं, कॅलेंडरसकट. मला वाटलं होतं, हाकलून देतील.
डॉक्टरांनी शिरस्त्राण हातात घेतलं. आत डोकावून बघितलं, बाहेरून बघितलं. वास घेतला. "मेथी?" म्हणाले. मग डोळा तपासला.
"आठ दिवसांनी काही बिघडलेलं नाही."
मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कंपाउंडर हसला.
पण मग चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे आठ दिवस सोडा. त्याआधीचे दोन महिने कुठे गेले? डावा जिथे होता तिथेच आहे. १७ जानेवारीला दाखवा. तोवर खरे चार तास." खरे ह्या शब्दावर जोर.
बिघडलं नाही. बाहेर येऊन मितूला उसाचा रस पाजला, मी दोन प्यायलो.
उद्या सु.

२१ डिसें., शनि.
सु. आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन. पत्र पोचलं होतं. अख्ख्या उपकेंद्राला वाटून उरलेले आमच्यासाठी.
मला तोंडाने सांगता येईना. ही वही दिली. ती ट्यूबखाली उभी राहून वाचत होती, खांद्याची पिशवी तशीच. अक्का मितूला घेऊन शेजारी गेली. मी खवले मोजत बसलो, अडतीस आहेत.
वाचून झाल्यावर म्हणाली, "भोक चुकलं ते चुकलं. हे कॅलेंडर का खोटं लिहिलंत?"
"तू रागावशील म्हणून," असं काहीतरी पुटपुटलो.
"मी लांब असते. मला तेवढं कॅलेंडरच आहे हो."
मी पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडली.
मग तिने शिरस्त्राण मांडीवर घेतलं, नाडीशी चाळा करत बसली. म्हणाली, "आणि मी नर्स. समोर बसून बांधलं. मलाही दिसलं नाही." आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेना. मलाही. अक्का धावत आली, तिला वाटलं भांडण. आम्हाला बघून तिने पेढा तोंडात टाकला. "आता आणलंयच तर…" म्हणाली.
झोपायच्या आधी सु.ने लाल पेन घेऊन कॅलेंडरवरचे सगळे चार खोडले, वहीत बघून खरे आकडे घातले. वीस मि., नाही, नाही, पाऊण तास. भिंत लाल झाली. मला मात्र कितीतरी दिवसांनी चांगली झोप लागेल असं वाटतंय.

२२ डिसें., रवि.
जुनं भोक लगद्याने बुजवलं. नवं भोक कापताना सगळं घर हजर. सु.ने मितूच्या डाव्या गालावर कुंकवाचा ठिपका दिला, शिरस्त्राण घातल्यावर अक्काने आत हात घालून ठिपक्याच्या वर बोटाने आतून टकटक केली, आवाज जिथे आला तिथे मी बाहेरून खूण केली. दर्शनी बाजूला ओरखडा पडला. पडू दे.
मितूने घातलं. दोन पावलं चालली. काढून माझ्या हातात दिलं.
"ह्या राणीला दिसत नाही."

२४ डिसें., मंगळ.
शिरस्त्राण: १० मि. आता कॅलेंडरवरही १०.
जवळ घेऊन विचारलं. म्हणाली, पहिली राणी झाले की पोरं घाबरायची. आता मी ठेचकाळते, मग परत काणी म्हणतील.
सात वर्षांच्या पोरीचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येईना.

२६ डिसें., गुरु.
राणीची काठी नव्याने केली. पहिली नुसती शोभेची होती. वायरिंगचा प्लास्टिकचा पाईप, वर घुंगरं, खाली टोकाला पितळी बूश (गोल कडं) बसवला. जमिनीवर टेकला की टक्क वाजतो, पुढे पायरी असेल तर आवाज बदलतो. संपतने बूश घासून चकचकीत केला. म्हणाला, "ह्याला डावंउजवं न्हाई बरं का."
ऐकून घेतलं. माझी पाळी होती.
मितूला सांगितलं, राणी बघून चालत नसते, आधी जमिनीला हुकूम देते, मग पाऊल टाकते. टक्क, पाऊल. खोलीभर टक्क टक्क. दाराच्या चौकटीला थडकली, आम्ही तिघे धावलो तर ओरडली, "कुणी हात लावायचा नाही! राणी पडत नसते!"
१ तास ५ मि.

२ जाने. ९७, गुरु.
२ तास ४०. अक्का तांदळात खडे टाकते आणि राणीला निवडायला लावते. "धरनाच्या तळाचे हिरे हायत, डोळा लावून शोद." खडे सापडले की राणी खूष. कालच्या भातात एकही खडा लागला नाही, हे ह्या घरात नवीन आहे.

६ जाने., सोम.
पुरे ४.

९ जाने., गुरु.
सु. रजा काढून आली. शाळेचा मांडव, खुर्च्या कमी, आम्ही तिसऱ्या रांगेत दाटीवाटीने. परी सहा, शेतकरी चार, एक टेलिफोन.
स्टेजची पुढची कड उघडी होती, कठडा नाही. मी सकाळी जाऊन पावलं मोजून आलो होतो, मितूला सांगितली होती: नऊ. तिचं नाव पुकारलं आणि माझ्याने बघवेना. मान खाली घालून नुसता ऐकत बसलो. टक्क. टक्क. सु.ची नखं माझ्या मनगटात. सात. आठ. टक्क. थांबली.
"मी धरणाखालची राणी. मला एकच डोळा आहे. त्याने मला सात गावं दिसतात."
पाठ केलेलं एवढंच होतं. टाळ्या सुरू झाल्या. पण ती हलली नाही. माईक धरून म्हणाली,
"आणि तिसऱ्या रांगेत माझे पप्पा मान खाली घालून बसलेत, ते पण दिसतात."
सगळा मांडव हसला. मी मान वर केली. काठी माझ्या रोखाने धरलेली. बघत होती डाव्या डोळ्याने. तिच्या डाव्या. मी हाताने स्वतःचा डावा खांदा थोपटून खात्री करून घेतली, मगच रडलो. लाज वाटली नाही.
पहिला नंबर टेलिफोनला. राणीला उत्तेजनार्थ, कंपासपेटी. फळ्याला पट्टी चिकटवणारी पोरगी (परी नं. ४) नंतर शिंगाला हात लावू का विचारत होती. मितू म्हणाली, आधी मुजरा कर.

१७ जाने., शुक्र.
मिरज. डावा डोळा तक्त्यावर आणखी दोन बारीक ओळी खाली उतरला. डॉक्टरांनी दोनदा वाचून घेतलं. मी आधी बघून घेतलं की झाकलेला उजवाच आहे. त्यांनीही बघितलं आणि माझ्याकडे बघून हसले.
किती येईल शेवटी? विचारलं. "ते आत्ता मला सांगता येणार नाही. येतोय, एवढं खरं. एप्रिलपर्यंत चालू ठेवा."
बूथवरून उपकेंद्राला फोन लावला. सु.ने आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, "कॅलेंडरवर लिहा." मी म्हटलं, घरी गेलो की पहिलं तेच.
परत येताना बसमध्ये मितूने स्वतः साधी पट्टी मागून घेतली. शिरस्त्राण गर्दीत चेपेल म्हणून ते मांडीवर, तोंड खिडकीकडे. पाट्या वाचत होती. मोठी अक्षरं धडाधड, बारीक राहत होती. मी सांगायला गेलो तर म्हणाली, थांबा, येतंय.
कुपवाडच्या फाट्याजवळ विचारलं, "पप्पा, डोळा सगळा बरा झाला की राणीचं काय?"
म्हटलं, राणी खुंटीला राहील, लागेल तेव्हा काढू.
"आणि सगळा नाही झाला तर?"
तिने उत्तराची वाट बघितली नाही, शिंगावरचा उडालेला पेंट नखाने खरवडला आणि म्हणाली, "मग हिला नवीन पेंट लागेल." आणि पुन्हा खिडकीकडे वळली.
घरी आल्यावर कॅलेंडरवर लिहिलं: दोन ओळी. ४ तास १० मि. एप्रिलपर्यंतचे चौकोन कोरे आहेत. उद्या शॉपमधून सिल्व्हर पेंटचा डबा आणायचा.